लादल्यावर बोलू

गाडीच्या मागच्या उजव्या बाजूनं जरा वेगळा आवाज आला, की आजही माझा पाय ब्रेकवर जातो. मी गाडी कडेला घेते, उतरते, वाकते आणि मडगार्डच्या आत हात घालून टायर चाचपते. साडी रस्त्यावर लोळते, येणारेजाणारे बघतात, बघू देत. नवरा म्हणतो, "अगं, डिकीत पाण्याची बाटली घरंगळली." घरंगळली असेल. मी चाचपूनच परत बसते. ही खोड मला हरसिंगभाऊंमुळे लागली. आणि त्याआधी त्याच हरसिंगभाऊंना मी चार माणसांत भित्रा म्हटलं होतं, हेही सांगायलाच हवं.

दारव्ह्याला नेर रोडवर कापसाच्या एका जिनिंग कारखान्यासमोर त्यांचं टायरचं दुकान होतं. पत्र्याचं शेड, हवेचं मशीन, पंक्चर बघायची पाण्याची टाकी, बस्स. पाटी नव्हती. बाभळीला ट्रॅक्टरचा एक फाटका टायर टांगलेला होता, तीच पाटी. हरसिंग राठोड उंच, काटकुळे, पन्नाशीचे. शर्टाच्या खिशात दोनच वस्तू कायम असायच्या, पांढरा खडू आणि गुंडाळलेला सुती दोरा.

हा माणूस गाड्यांची चाकं बसवून पोट भरायचा आणि स्वतः कुठल्याही गाडीत बसायचा नाही. तांडा दोन कोसांवर, तिथून रोज पायी यायचे. कोणी मोटरसायकल थांबवून "चला भाऊ" म्हटलं तर "तुमी व्हा पुढं, मी येतो" म्हणून बाजूला सरकायचे. फारच नड पडली तर एसटी, आणि एसटीतसुद्धा चाकावरच्या सीटवर नाही. कंडक्टर ओळखून होते, मधली जागा द्यायचे. बाजारात भेटले तर आधी तुमच्या तोंडाकडं बघणार नाहीत, गाडीच्या चाकांकडं बघतील. "ताई, पुढच्या डाव्यात हवा कमी हाय." नमस्कार त्यानंतर. मला सुरुवातीला याची गंमत वाटायची.

माझी गाडी लाल होती. आकारानं लहान, पण इंजिन तगडं, पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची. अमरावतीच्या एका डॉक्टरांकडून मी ती जुनी घेतली होती. पाटबंधारे खात्यातली चाळिशी ओलांडलेली बाई साडी नेसून गाडी शंभरावर नेते, हा विषय गावाला बरेच दिवस पुरला. सासूबाई म्हणायच्या, "हिच्या पायाला भिंगरी नाही, आग लागलीय." मी तापट, घाईची, आणि कोणी नको म्हटलं की तेच आधी करणारी. त्या गाडीची चौदा इंची चाकं मला बघवायची नाहीत. भरल्या अंगाच्या माणसानं पोराच्या चपला घालाव्यात तशी ती दिसायची. मला सोळा इंची अलॉय हवी होती, रुंद टायरांसकट.

"सोळा बसवून द्या," मी पहिल्याच दिवशी जाऊन सांगितलं.

हरसिंगभाऊंनी गाडीला एक चक्कर मारली. "गाडीत कोन कोन बसते?"

"म्हणजे?"

"किती जन? जड कोन हाय त्यातलं? सामान किती राह्यते?"

"भाऊ, मला टायर हवेत. शिरगणती कसली करताय?"

"करा लागते ताई. आदी लादू. लादल्यावर बोलू."

लादल्यावर बोलू हे त्यांचं पालुपद होतं. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. ती लदेणी केव्हाच संपली, तांडे एका जागी बसले, शेतात कापूस आला. पण आज्याकडून ऐकलेली एक गोष्ट हरसिंगभाऊ रोज वापरायचे. बैल घेताना रिकामा बघायचा नाही. गोणी चढवायची, नाल्यात उतरवायचा, वर काढायचा आणि मग पाय बघायचे. "रिकामा बैल काय, साऱ्याईचाच चांगला चालते," ते म्हणायचे.

बैलाच्या जागी आता गाडी होती आणि गोणीच्या जागी हमाल. त्यांनी तोंडात बोटं घालून शिट्टी मारली आणि जिनिंगच्या फाटकातून पाच हमाल रस्ता ओलांडून आले. गुलाब, रज्जाक, शेषराव, मारोती, किसन. अंगावर कापसाची रुई, पापण्यांवरसुद्धा रुई. त्यांना हे काम पाठ होतं, एकेक चहा ठरलेला. गुलाब सगळ्यांत दांडगा. तो पुढच्या सीटवर बसला आणि काच खाली करून मला म्हणाला, "चला बाई, नागपूर." बाकीचे मागं कोंबून बसले, मारोती डिकीत. हरसिंगभाऊ जमिनीवर पालथे झाले आणि मागची बाजू किती दबली ते मोजलं. चार बोटं.

मग दोरा निघाला. टायरवर तीन आकडे असतात. पहिला रुंदीचा, दुसरा टायरची भिंत रुंदीच्या शेकडा किती उंच आहे त्याचा, तिसरा रिमच्या इंचांचा. माझ्या टायरवर एकशे पंच्याहत्तर, पासष्ट, चौदा असं होतं. रिम मोठं केलं तर भिंत तेवढी बुटकी करावी लागते, म्हणजे चाकाचा एकूण घेर तोच राहतो. घेर वाढला की मीटर खोटं बोलतो आणि चाक आत कुठंतरी घासतं. हे मला नंतर कळलं. हरसिंगभाऊंनी गणित केलं नाही. जुन्या टायरला दोरा गुंडाळून गाठ मारली, मग दुकानात पडलेल्या एका सोळा इंचीला तोच दोरा गुंडाळला. पाच बोटं कमी पडला. पंधरा इंचीला, एकशे पंच्याण्णव पंचावन्नला, गुंडाळला. बरोबर दोन बोटं.

"दोन बोटाच्या वर मी बसवत नाई. पंधरा घ्या. तेबी लादून."

मी तोंड वाकडं केलं, पण नागपूरहून पंधरा इंची रिम मागवायला सांगितलं.

मोठ्या चाकांचं वेड लागलेली मी एकटी नव्हते. एका ठेकेदाराचा पुतण्या सतरा इंची रिमला पापडासारखे टायर लावायला आला होता. हरसिंगभाऊ टायरवर टिचकी मारून म्हणाले, "बाबू, हा टायर नाई, बांगडी हाय. आपल्या रोडवर फुटते." तो हसला आणि दुसरीकडून बसवून आला. महिन्याभरात दिग्रस रोडच्या खड्ड्यात रिम वाकलं, टायर फाटला, गाडी शेतात गेली. टोचन लावून ओढत ती याच दुकानात आणली तेव्हा मी हवा भरायला उभी होते. मला वाटलं, आता हे त्याला चांगलं सुनावतील. हरसिंगभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी एवढंच विचारलं, "संग कोनी होतं?" तो म्हणाला, एकटा होतो. मग ते टाकीच्या कठड्यावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

माझी रिमं यायला चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांत गावाचा रंगच बदलला. कापसाला भाव नव्हता. खरेदी आज सुरू होईल, उद्या सुरू होईल म्हणता म्हणता माघ उजाडला. घराघरांत कापूस आढ्याला टेकला होता आणि जिनिंगचं फाटक काही उघडलं नाही. लोक हळू बोलायला लागले. सकाळी पेपर उघडायची मला भीती वाटायची, आतल्या पानावर आत्महत्येच्या बातमीत ओळखीच्या गावाचं नाव असायचंच. हमाल महिनाभर फाटकाशी बसून राहिले आणि मग पांगले. कोणी गिट्टीच्या खदानीवर गेलं, कोणी सुरतेला. गुलाब जाताना हरसिंगभाऊंना सांगून गेला, बाकीचे तसेच गेले.

रिमं आली तो शुक्रवार होता. रविवारी नेरला मुकुंदच्या, म्हणजे नवऱ्याच्या, चुलतबहिणीचा साखरपुडा. मला नव्या चाकांवर जायचं होतं, हट्टच होता म्हणा. हरसिंगभाऊंनी चाकं बसवली, टायरशी वाकून बघितलं, पुन्हा बघितलं.

"हे रिम जरा भाईर बसून राह्यलं ताई. जुन्यापेक्षा."

"छान दिसतंय की."

"दिसते. पन लादायले मानसं नाईत." त्यांनी बंद फाटकाकडं बघितलं.

"एकदा नाही लादलं तर काय आभाळ कोसळणार आहे?"

त्यांनी दुकानातले आठ जुने टायर गाडीत भरले, पान्यांची पेटी ठेवली. मडगार्डच्या आतल्या कडेला खडू फासला आणि मला गाडी दुकानासमोरच्या नालीवरून न्यायला सांगितली. ही त्यांची परीक्षा. चाक घासलं तर खडू टायरवर उमटतो आणि गाडी नापास. खडू उमटला नाही. तरी त्यांची मान हलत होती.

"टायरचं वजन कितीसं? सोमवारपावतर थांबा. मी तांड्यातून मानसं घेऊन येतो. मले भेव वाटून राह्यलं."

शेजारच्या टपरीवर तीन-चार जण चहा पीत होते. मला उशीर होत होता, ऊन लागत होतं आणि माझं डोकं तापलं. "हरसिंगभाऊ, धंदा टायरचा आणि इतके भित्रे? बांगड्या भरा हातात आणि घरी बसा."

टपरीवरचे हसले. मी बाई, माझ्याच हातात बांगड्या, आणि मी हे बोलले. हरसिंगभाऊ चाकाशी वाकले. त्यांनी प्रत्येक नट दोनदा आवळला, पाना खाली ठेवला आणि खडू खिशात टाकला.

"हळू जा. पाच जन बसवू नका," त्यांनी सांगितलं.

मी हो हो म्हटलं. विसरले असं म्हणता आलं असतं, पण विसरले नव्हते. मनावर घेतलं नाही.

रविवारी सकाळी आम्ही पाच जण बसलो. मी, शेजारी मुकुंद, मागं सासूबाई, नणंद आणि माझी सात वर्षांची मिनू. डिकीत लाडवांचे दोन डबे, रव्याची कोठी आणि आहेराची बॅग. दुकानासमोरून जाताना हरसिंगभाऊ झाडत होते. त्यांनी केरसुणी टाकली आणि दोन्ही हात वर केले. मला वाटलं निरोप देतायत. मी हॉर्न वाजवला आणि पाय दाबला.

सात-आठ मैल गेल्यावर जळका वास यायला लागला. दोन्ही बाजूंच्या शेतांत लोकांनी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून पेटवल्या होत्या, धूर रस्त्यावर येत होता. सासूबाई पदर नाकाला लावून म्हणाल्या, "पऱ्हाटीसोबत औषधाचे डबे जाळतात मेले." मी काच वर केली. वास काही जाईना. प्रत्येक खड्ड्याला मागून खर्र असा आवाज यायचा, मला वाटलं कोठी सरकतेय. तेवढ्यात आरशात एक मोटरसायकल दिसली. मागं बसलेला माणूस एका हातानं रुमाल हलवत होता.

"ओव्हरटेक करायला बघतोय," मुकुंद म्हणाला. "देऊ नको."

मी वाढवली. नव्वद, पंच्याण्णव. मागं माझं लेकरू खिडकीला नाक लावून बसलं होतं, खाली टायर तासला जात होता आणि मी हसत होते.

पुढं नाल्यावर रपटा, म्हणजे अरुंद ठेंगणा पूल, होता आणि पलीकडून पऱ्हाट्यांनी लादलेली बैलबंडी येत होती, म्हणून मला गाडी थांबवावी लागली. नाहीतर मी थांबले नसते. मोटरसायकल येऊन आडवी उभी राहिली. चालवणारे गावातले एक गुरुजी होते, आणि मागून उतरले ते हरसिंगभाऊ. उतरताना दोनदा जमिनीला हात टेकवला. माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही. मागचं दार उघडलं आणि सासूबाईंना म्हणाले, "माय, उतरा. लेकराले घ्या आदी."

मग ते रस्त्यावर पालथे झाले आणि उजव्या मागच्या चाकाच्या वर हात घातला. हात चटकन मागं घेतला, बोटं भाजली होती. मी वाकून बघितलं. टायरची बाहेरची कड पूर्ण खरवडून निघाली होती आणि आतले दोरे दिसत होते. जळालेले, विस्कटलेले. एके ठिकाणी टायर टेंगळासारखा फुगला होता.

"अजून किती गेला असता?" मुकुंदनं विचारलं.

"नाई गेला असता," हरसिंगभाऊ म्हणाले. ते रस्त्याच्या कडेला गेले आणि भडाभडा ओकले.

मी मिनूला उचललं. सात वर्षांची पोर, जड, पण मला खाली ठेवता येईना. ती म्हणाली, "आई, तू थरथरतेस."

हरसिंगभाऊंनी तोंड धुतलं आणि डिकीच्या तळाशी स्टेपनी म्हणून ठेवलेलं जुनं चौदा इंची चाक काढून तिथं चढवलं. घरचे सगळे काळी-पिवळी जीपनं नेरला गेले, लाडवांच्या डब्यांसकट. मी म्हटलं, मी रिकामी गाडी हळूहळू परत नेते. गुरुजी म्हणाले, हरसिंगला मी सोडतो. हरसिंगभाऊंनी मान हलवली, गाडीचं पुढचं दार उघडलं आणि आत बसले. आमच्या गावात त्यांना गाडीत बसलेलं कोणी बघितलं नव्हतं.

"तुम्ही कशाला, भाऊ?"

"म्या बसवले. मीच बसतो. चाळीसच्या वर नका जाऊ."

मी तीसनं चालवली. ते दोन्ही हात समोर टेकवून ताठ बसले होते, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. प्रत्येक खड्ड्याला त्यांचा श्वास अडकायचा आणि मग माझाही. निम्म्या वाटेत त्यांनी डोळे न उघडताच बोलायला सुरुवात केली.

"याडी गेलती माह्यी. माय. जीपमंदी. टायर मीच बसवलता. चौदा जन होते."

"मग?"

"वाचली. हात कामातून गेला. अजून एका हातानंच भाकर थापते." आणखी एक खड्डा गेला. "थे जीप म्या रिकामीच पाह्यलती."

मला माफी मागायची होती. शुक्रवारच्या त्या वाक्याची, पण मी नुसती खड्डे चुकवत राहिले. दुकान आलं, ते उतरले, बाभळीला धरून जरा उभे राहिले आणि झाडायचं अर्धं राहिलं होतं ते झाडायला लागले.

पुढच्या महिन्यात त्यांनी दुसरं रिम शोधलं, आत बसणारं, आणि एकशे पंच्याऐंशी पंचावन्न पंधरा टायर. दोऱ्याला फरक जवळजवळ नव्हताच. पण लादायला माणसं अजूनही नव्हती. मी गेले तेव्हा दुकानात वाळूनं भरलेल्या पाच गोण्या ओळीनं उभ्या होत्या, तोंडं सुतळीनं शिवलेली. प्रत्येकीवर खडूनं नाव होतं. गुलाब, रज्जाक, शेषराव, मारोती, किसन. गुलाबची गोणी सगळ्यांत मोठी. ती त्यांनी वाकून छातीशी धरून पुढच्या सीटवर ठेवली आणि तिला पट्टाही लावला. मला हसू आलं नाही. ते रिकामं फाटक आणि त्या गोण्या बघून मला भीती वाटली, आणि रडूही आलं.

दोन वर्षांनी माझी बदली अमरावतीला झाली. निघायच्या दिवशी गाडी भरली आणि मी न सांगता दुकानासमोर थांबवली. जिनिंग त्या वर्षी थोडे दिवस सुरू होती. गुलाब परत आला होता, वाळलेला, गालफडं बसलेली. बाकी चार गोण्याच होत्या, त्यांच्यावरची नावं पुन्हा गिरवलेली दिसत होती.

"आज गोण्या राहू द्या," मी म्हटलं. "आम्हीच पाच आहोत."

सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "हरसिंग, नीट बघ रे बाबा. माझी नात आहे आत."

त्यांनी खडू फासला. मी नालीवरून गाडी नेली, मागं आणली, पुन्हा नेली. ते पालथे झाले, चारही चाकं बघितली. टायर काळेच होते. मी खाली उतरले आणि दोन वर्षं राहून गेलेलं बोलून टाकलं.

"हरसिंगभाऊ, त्या दिवशी मी तुम्हाला भित्रा म्हटलं होतं. चुकलं माझं."

त्यांनी गुडघे झटकले. "चुकलं कायले? हावोच मी भित्रा." मग पहिल्यांदाच माझ्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. "आता तुमीबी झाल्या. आता जा खुशाल."

मी निघाले. आरशात बघितलं. गुलाब हात हलवत होता, टपरीवाला हात हलवत होता. हरसिंगभाऊ भर रस्त्यात येऊन, गुडघ्यांवर हात ठेवून ओणवे उभे होते. त्यांनी हात हलवला नाही. वळणावर दिसेनासे होईपर्यंत ते आमच्या उजव्या मागच्या चाकाकडं बघत होते.